शालिकरामाच्या भट्टीवरचं मौन

वलगावच्या शालिकराम खात्यानं एकदा भर बाजाराच्या दिवशी कापसाच्या गंजीपुढं थांबून, हात जोडून विचारलं, "राम राम किसनराव, तब्येत बरी हाये ना?" गंज काही बोलली नाही. शालिकराम उत्तराची वाट पाहत अंमळ उभा राहिला, मग "बरं, येतो" म्हणून पुढं चालता झाला. गावाला हे हसू आठ दिवस पुरलं. कोणीतरी तोंडावर विचारलं तेव्हा तो बिलकूल लाजला नाही. म्हणाला, "अरे बाप्पा, गेल्या दोन वर्सांत किसनरावात अन् कापसात फरक काय राहिला? दोघंबी पांढरे, दोघंबी फुगले, अन् दोघंबी गरिबाशी बोलत नाईत."

लोक पुन्हा हसले, पण आता कापसावर गबर झालेल्या किसनरावाला. शालिकराम सुटला. घरात त्याची बायको पार्बताबाई मात्र हसली नाही. चुलीपुढं बसून ती बराच वेळ नवऱ्याच्या डोळ्यांकडं बघत राहिली.

खाती म्हणजे वऱ्हाडातला लोहार. त्यातही शालिकराम साध्या कामावर खूश असणारा खाती नव्हता. नांगराचे फाळ, विळे, कुऱ्हाडी तो पोटासाठी करी. जीव ओतायचा तो सुतारांच्या हत्यारांत. लाकूड कोरायच्या पटाश्या, वाकस, रंध्याची पाती नवी घडवायची आणि बापजाद्यांची झिजलेली पुन्हा उभी करायची. जुन्या हत्यारावर त्याचा विशेष लोभ. कोणी गंजकी, बोथट पटाशी आणली की तो ती आधी नखानं वाजवी, कानाशी धरी आणि नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखा गंभीर चेहरा करून सांगे, "हिनं चिंच लय कापली हाये. अन् तुह्या लहान भावानं हिच्यानं खिळा उपटला. खरं सांग!" समोरचा सुतार चूप. खिळा भावानं उपटलेला असो की स्वतः, उपटलेला असेच.

दिवस कापसाच्या तेजीचे होते. सातासमुद्रापलीकडं अमेरिका म्हणून कुठं मुलूख आहे, तिथं दोन भावांची जुंपली, आणि त्यामुळं विलायतेतल्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाडची आठवण झाली, एवढं वलगावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. भाऊ कोण, भांडण कशावरून, हे कोणाला ठाऊक नव्हतं. पण ते इतक्यात मिटू नये म्हणून दोन-चार घरांतून मारुतीला नारळ बोलले गेले होते. किसनरावानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या होत्या आणि आता गाडीच्या चाकांनाही चांदीच्या पट्ट्या माराव्यात असं त्याच्या मनात घोळत होतं. एवढा कापूस अमरावतीच्या बाजारात न्यायचा तर गाड्या हव्यात, गाड्यांना चाकं हवीत, चाकांना सुतार हवेत आणि सुतारांना हत्यारं. म्हणजे अमेरिकेतले ते दोन भाऊ अखेर शालिकरामासाठीच भांडत होते, असं म्हणायला हरकत नव्हती.

आणि अशा ऐन भरात शालिकरामाच्या पटाश्या दगा देऊ लागल्या.

भाद्रपदातल्या एका सकाळी अमरावतीचा नत्थुजी सुतार भट्टीवर येऊन उभा राहिला. नत्थुजी म्हणजे गाडीकामातलं मोठं नाव. हाताखाली बारा माणसं. तो ज्या खात्याची पटाशी वापरी, तीच पुढं तालुकाभर चाले. त्याच्या पागोट्याला कपाळाच्या वर बोटभर भोक पडलं होतं. त्यानं काही न बोलता दोन पटाश्या ऐरणीवर ठेवल्या.

"शालिकराम, हे काय हाये?"

"पटाश्या."

"पटाश्या होत्या. ही परवा काचेसारखी तुटली. तुकडा उडून माह्या पागोट्यात घुसला. पागोटं नसतं तं आज माह्या तेराव्याचं आवतन घेऊन मानूस आला असता तुह्याकडं. अन् ही दुसरी. काल चाकाच्या मधल्या तुंब्यात घातली तं मेनासारखी वाकली. मी बाभूळ कोरून राहिलो का बर्फी? तुटाची तं दोन्ही तुटा, वाकाची तं दोन्ही वाका! काही एक ठरव ना बाप्पा!"

शालिकरामानं दोन्ही पटाश्या उचलल्या, नखानं वाजवल्या, कानाशी धरल्या. मग निकाल दिला, "पानी खराब हाये."

"कोनतं पानी?"

"विहिरीचं. किसनरावानं वरच्या अंगाले नवी विहीर खनली ना, तवापासून आमच्या झऱ्याचा दमच गेला. पान्यात दम नाई तं पोलादात कुठून येईन?"

भात्यापाशी बसलेल्या पार्बताबाईनं तोंड उघडलं, मग मिटलं.

नत्थुजीनं सुस्कारा टाकला आणि काखेतलं गाठोडं सोडलं. आत एक वाकस होता. लाकूड तासायचं हे हत्यार, फावड्याच्या धाकट्या भावासारखं. पण हा भाऊ फार म्हातारा झालेला होता. झिजून झिजून त्याची धार दांड्याच्या भोकापाशी येऊन टेकली होती.

"माह्या बापाचा," नत्थुजी म्हणाला. "तुह्या बापानं घडवला. याच्यावर मी काम शिकलो. याले नवं पोलाद चढव. खंडेनवमीले पूजेत ठेवीन अन् दसरा झाला का किसनरावाच्या वीस गाड्यांचं पयलं लाकूड याच्यानंच तासीन. आदल्या दिवशी येतो, माह्यापुढं पानी दे. जमलं तं माह्या बाराबी मानसांची हत्यारं तुह्याकडं. नाई जमलं तं अमरावतीत विलायती पटाश्या आल्या हायेत. तेलकट कागदात गुंडाळून येतात, नव्या नवरीवानी."

"काम कशा करतात?"

"तोंडावरून तं शहाण्या वाटतात."

नत्थुजी गेला. शालिकराम वाकस हातात धरून बसला. वाकसाच्या मानेवर त्याच्या बापानं ठोकलेली खूण होती, तीन ठिपक्यांची. ती त्यानं अंगठ्यानं चाचपली. नत्थुजी विलायतीकडं वळला की वर्षभरात सगळे सुतार वळणार, आणि आपण उरलो विळ्या-फाळांचे, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता हे पाण्याचं काय प्रकरण आहे ते पाहिलं पाहिजे. हत्यार घडवणं हे निम्मं काम. पाणी देणं हे खरं. पोलाद तापवून लाल करायचं, धारेकडचं टोक तेवढं पाण्यात बुडवायचं, बाहेर काढून चटकन कुरुंदाच्या दगडावर घासून पांढरं करायचं आणि मग नुसतं बघत बसायचं. मागच्या अंगातली ऊब हळूहळू धारेकडं चालत येते आणि त्या पांढऱ्या टोकावर रंग चढत जातात. आधी फिका पिवळा, मग गडद, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. हवा तो रंग धारेवर पोचला रे पोचला की सगळं हत्यार पाण्यात. पिवळ्यावर घाई केली तर धार काचेसारखी तुटते. निळ्यापर्यंत रेंगाळलं तर मऊ पडून वाकते. तपकिरी सरतो आणि जांभळा येऊ घालतो, त्या एका श्वासात खात्याची सगळी अब्रू असते.

आणि त्या वेळी भट्टीवर कोणी चकार शब्द काढायचा नाही, असा शालिकरामाच्या बापाचा दंडक होता. पार्बताबाई लग्न होऊन आली आणि चौथ्या दिवशी भात्यावर बसली, तेव्हा सासऱ्यानं तिला एकच गोष्ट सांगितली होती. "पोरी, घरात बोल, दारात बोल, माह्याशी भांड. पन लोखंडाले पानी देताना तोंड उघडलं तं पानी उतरते." या गोष्टीला तीस वर्षं झाली. एरवी पार्बताबाईचं तोंड भात्याच्या जोडीनं चाले. भाता थांबला तरी थांबत नसे. पण लोखंड दगडावर घासलं की ती चूप. गावातल्या बायका म्हणत, तेवढाच आपल्या कानांना विसावा.

तर शालिकराम पाण्याच्या मागं लागला. आधी पेढी नदीचं आणलं. पटाशी तुटली. मग त्यानं अकोल्याला निरोप धाडला. तिथं जुन्या शहरात पार्बताबाईची बहीण लीलाबाई राहत होती. तिनं कापसाच्या परतगाडीत मोर्णा नदीची घागर बसवून पाठवली. भर पावसाळ्यात बहिणीचा नवरा पाणी मागतो म्हणजे वलगावची विहीर बाटली की काय, या काळजीनं तिनं घागरीसोबत दोन पायल्या ज्वारी आणि एक ताईतही पाठवला. ज्वारी उत्तम निघाली. पटाशी वाकली.

"आता एकच जागा राहिली," शालिकराम म्हणाला. "कौंडण्यपूर. वर्धेचं पानी."

"तिथं काहून?" पार्बताबाईनं विचारलं.

"काहून म्हंजे? रुक्मिनीचं माहेर हाये ते! साक्षात रुक्मिनी न्हायली त्या पान्यात!"

"रुक्मिनी काही पटाशी नव्हती."

"तुले धर्माचं काही समजत नाई."

"मले पटाशीचं समजते," पार्बताबाई म्हणाली. "मी काय म्हनते, पान्याचं राहू द्या, जरा तुमच्या डोळ्याचं..."

पण शालिकराम तोवर बैलगाडी शोधायला बाहेर पडला होता. किसनरावाची गाडी त्या बाजूला सरकी आणायला निघालीच होती. पाच दिवसांनी तो परत आला तो तीन घागरी मांडीशी धरून, नव्या जावयासारखा ताठ. घागरी त्यानं भट्टीच्या सावलीत ओळीनं मांडल्या आणि गाववाल्यांना लांबून दर्शन दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी किसनराव स्वतः आला. चांदीच्या पट्ट्यांना लोखंडी खिळे मारावे की चांदीचे, हा गहन प्रश्न त्याला पडला होता. ऊन कडक, चालून आलेला, अंगानं तेजी चढलेली. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, पहिल्याच घागरीत तांब्या बुडवला आणि घटाघटा प्याला. मग दुसरा भरून तोंडावर मारला.

शालिकराम आतून धावत आला. "अवो, काय केलं हे! अर्धी पटाशी पेले तुमी!"

"काय पेलो?" किसनराव पांढराफटक पडला. त्याला वाटलं, विष.

पार्बताबाईनं त्याला समजावून वाटेला लावलं. जाताना तो चार वेळा थुंकला. त्या रात्री त्याच्या पोटात दुखलं म्हणतात. पण त्यानं संध्याकाळी आठ पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या, तो भाग कोणी सांगत नाही.

वर्धेच्या पाण्यात दिलेली पहिली पटाशी शालिकरामानं बाभळीच्या गाठीवर ठोकली. टण्णकन कोपरा उडाला. त्याचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा पार्बताबाई म्हणाली, "एक सांगू? किसनराव पेल्यावर ती घागर मी आपल्या विहिरीच्या पान्यानं भरून ठेवली होती."

शालिकरामाचा चेहरा उजळला. "तवाच! तवाच म्हनतो मी! आपल्या पान्यानं तुटली!" आणि त्यानं लगेच दुसऱ्या, अनाघ्रात घागरीतलं पाणी कुंडीत ओतून दुसरी पटाशी तापवली.

दुसरी ठोकली. ती तुटली नाही. नम्रपणे वाकली.

शालिकराम ऐरणीला टेकून बसला. पार्बताबाई भात्यावरून उठली, दोन्ही पटाश्या घेतल्या, फडक्यानं पुसल्या आणि उन्हात त्याच्यासमोर धरल्या. पाणी दिल्यावर टोकावर चढलेला रंग तसाच राहतो. एकीची धार हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखी पिवळी होती, दुसरीची मोराच्या गळ्यासारखी निळी.

"यातली निळी कोनती, सांगा."

शालिकरामानं पटाश्या घेतल्या. उन्हाकडं तोंड केलं. एक जवळ आणली, लांब नेली. दुसरी जवळ आणली. डोळे बारीक केले, मोठे केले. मग सवयीनं त्याचं नख त्या पटाशीवर गेलं; त्यानं ती वाजवली आणि कानाशी धरली.

"रंग आयकू येत नाई जी," पार्बताबाई हळूच म्हणाली.

त्यानं पटाश्या मांडीवर ठेवल्या. "दोन्ही धुरावानी दिसतात," तो म्हणाला. "लाल दिसते. तापलेलं लोखंड दिसते मले. बाकी सारा धूर. दोन वर्सं झाली."

"मंग पानी कसं देता?"

"मोजतो. दगडावर घासलं का मनातल्या मनात मोजतो. चौदा झाले का बुडवतो. आपल्या जुन्या पोलादाले चौदा बरोबर बसत होतं. आता या झिजलेल्या विलायती कानशीचं पोलाद घेतो आपन. ते कोनाचं ऐकत नाई. कधी रंग दहाच्या आतच येते, कधी ईस झाले तरी येत नाई." मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. "तुले कवापासून माहीत?"

"मी समोर बसते ना भात्यावर. हे नवं पोलाद आलं तवापासून रोज दिसे मले. कधी तुमी पिवळ्यावरच बुडवत, कधी निळा होऊन गेला तरी बसून राहत."

"अन् बोलली नाई? इतके दिवस?"

"मामंजीनं सांगतलं होतं."

शालिकराम उठून उभा राहिला. "भाजीत मीठ जास्त झालं तं तुहा आवाज अमरावतीले जाते! अन् इथं माह्या पोटावर पाय येऊन राहिला तं तू मामंजीचं ऐकत बसली? भट्टी सोडून तरी बोलायचं ना!"

"भट्टी सोडून बोलली तवा तुमी मोर्नेचं पानी मागवलं. पुन्हा बोलली तं रुक्मिनीच्या माहेरी गेले. आता आनखी बोलली असती तं काशीले गेले असते."

शालिकराम रागावून मारुतीच्या पारावर जाऊन बसला.

परत आला तेव्हा राग गेलेला होता, हट्ट तसाच होता. पार्बताबाई म्हणाली, "मी रंग सांगते, तुमी बुडवा." तो नाही म्हणाला. बापाचा शब्द मोडून दिलेलं पाणी टिकणार नाही, हे त्याला आपलं नाव शालिकराम आहे इतकं पक्कं माहीत होतं. "अन् नत्थुजीपुढं?" तो म्हणाला. "लोक म्हनतीन, खात्याच्या भट्टीवर बाई बोलते अन् खाती नुसता बुडवते." ते बोलणं तिथंच राहिलं.

वाकसाला पोलाद चढवायचं काम त्यानं मधल्या दिवसांत केलं, आणि ते असं केलं की त्याच्या बापानं पाठ थोपटली असती. लोखंड आणि पोलाद एकजीव व्हायला लागणारी ऊब त्याला रंगावरून ओळखायची गरजच नव्हती. ठिणग्यांच्या तडतडीवरून, वासावरून, घणाखाली येणाऱ्या आवाजावरून त्याला कळे. जोड कुठं संपतो आणि जुना वाकस कुठं सुरू होतो, हे बोट फिरवूनही सांगता येईना. बापाची तीन ठिपक्यांची खूण त्यानं आगीपासून ओलं फडकं गुंडाळून वाचवली. आता राहिलं पाणी. जुनं अंग इतकं पातळ झालं होतं की पुन्हा एकदाच तापवता येणार होतं. दुसऱ्यांदा तापवलं तर मानेपाशी जळून तुकडा पडणार, हे निश्चित.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नत्थुजी सकाळीच आला. सोबत किसनराव. त्याला वीस गाड्यांच्या नशिबाची काळजी होती. शिवाय आज तो घरून पाणी पिऊन आला होता. दोघं ओट्यावर बसले. पार्बताबाई भात्यावर बसली. वाकस आगीत गेला.

भाता चालला. वाकस लाल झाला. तो लाल शालिकरामाला दिसला. सांडशीनं उचलला, धारेचं टोक कुंडीत बुडवलं, फस्स झालं, बाहेर काढून कुरुंदावर चार हात घासला आणि डोळ्यांसमोर धरला. किसनरावानं श्वाससुद्धा धरून ठेवला.

एक, शालिकरामानं मनात म्हटलं. दोन. तीन. समोर नुसता धूर. चार. या पोलादाला चौदा लागतील की आठ? पाच. त्याचा अंगठा सांडशीवर घट्ट झाला. सहा म्हणताना त्याला एकदम जाणवलं की आपण वाकसाकडं बघतच नाही आहोत, समोरच्या अंधूक ठिपक्याकडं, भात्यापाशी बसलेल्या बायकोकडं बघतो आहोत.

"पार्बता," तो मोठ्यानं म्हणाला. "बोल."

नत्थुजी दचकून अर्धा उठला.

आणि पार्बताबाईला बोलता येईना! तोंड उघडलं होतं, ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. तीस वर्षांची सवय गळ्यात बसली होती. जन्मभर जिला कोणी गप्प करू शकलं नाही, ती बाई बोल म्हटल्यावर गप्प.

"बोल ना वो!"

"अरे, आता तं बोलाचं नसते ना?" किसनराव म्हणाला.

"तुमी चूप बसा!" हे पार्बताबाई ओरडली, आणि त्या ओरडण्यात तिचा गळा मोकळा झाला. "दाळ! तुरीची दाळ हाये अजून, थांबा!" रंगांना तिच्यापाशी नावं होती ती सगळी स्वयंपाकघरातली. "पिवळी दाळ... आता गूळ चढून राहिला. धारेपाशी नाई आला, मागं हाये. येऊन राहिला... आला. गूळ. काळा होऊन राहिला. हात हालवू नका! काळा गूळ... आता वांगं... बुडवा! बुडवा जी!"

वाकस कुंडीत गेला. फस्स झालं, वाफ उठली, आणि मग पाण्याचा बुडबुड आवाज आला आणि थांबला.

शालिकरामानं वाकस पुसला, दांडा बसवला. पाणी दिलेल्या हत्याराचा पहिला घाव गिऱ्हाइकासमोर घडवणाऱ्यानंच घालायचा, अशी त्यांच्यात रीत होती. आणि तो घालायचा तो वाळलेल्या बाभळीच्या गाठीवर. त्यानं गाठ पायानं दाबली आणि वाकस घातला. खच्चकन ढलपी उडाली. त्यानं धारेवर नख फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नख कुठं अडकलं नाही, कुठं घसरलं नाही. पुन्हा फिरवलं. मग मान वर न करता वाकस नत्थुजीकडं धरला.

नत्थुजीनं धोतर खोचलं आणि गाठीवर घाव घालायला सुरुवात केली. दहा घातले, वीस घातले, घामाघूम झाला. ढलप्या किसनरावाच्या अंगावर उडू लागल्या तसा तो ओट्यावरून सरकत सरकत दारापर्यंत गेला. गाठीची चटणी झाल्यावर नत्थुजी थांबला. धार पाहिली. उन्हात पाहिली, सावलीत पाहिली. मग ती तीन ठिपक्यांची खूण पाहिली.

"धार बसली," तो म्हणाला.

"बसली," शालिकराम म्हणाला.

"तुह्या बापाच्या भट्टीवर पानी देताना बाई बोलली."

"बोलली."

"अन् पानी उतरलं नाई."

"नाई."

नत्थुजीनं पागोटं काढून डोकं पुसलं. "मंग माह्या बापानं मले सांगतलेलं बी एकदा तपासून पाहावं लागन," तो म्हणाला. वाकस गाठोड्यात बांधला. जाता जाता वळून म्हणाला, "वहिनी, दसरा झाला का बाराबी मानसांची हत्यारं पाठवतो. तुमी घरी असान ना?"

हे त्यानं शालिकरामाला विचारलं नाही, पार्बताबाईला विचारलं. शालिकरामाला ते लागेल असं पार्बताबाईला वाटलं. पण तो त्या वेळी कुंडीतलं पाणी बदलत होता, आणि आपल्याच विहिरीचं पाणी किती चांगलं आहे हे किसनरावाला पटवून देत होता.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी पोतं भरून हत्यारं आली. पटाश्याच चाळीसच्या वर. नवरा-बायको कामाला लागले. घण त्याचा, भाता आणि डोळे तिचे. एकच अडचण निघाली. मौन सुटल्यावर ते मापात सोडायचं कसं, हे पार्बताबाईला कोणी शिकवलं नव्हतं, आणि तीस वर्षांचं तुंबलेलं होतं.

"दाळ," ती म्हणे. "कालची शेजारच्या वच्छलाची गोष्ट आयकली का? दाळच हाये, थांबा. तिची सून म्हने न सांगता माहेरी गेली. गूळ येऊन राहिला. भरल्या घरातून, लुगडंबी नाई बदललं. काळा गूळ. अन् नवरा म्हने बाजारात होता. बुडवा!"

शालिकराम बुडवी. पहिले दोन दिवस त्यानं "नुसता रंग सांग" असं चार-पाचदा म्हणून पाहिलं. मग सोडून दिलं. बोलण्याच्या त्या लोंढ्यातून रंग तेवढा वेचून घ्यायची त्याच्या कानाला सवय झाली. शेवटी कान त्याचाच होता. एकामागून एक पटाशी बाभळीच्या गाठीवर उतरत गेली आणि एकही तुटली नाही, एकही वाकली नाही.

बावीस पटाश्या अशा गेल्या. तेविसावीच्या वेळी पार्बताबाई म्हणाली, "बुडवा!"

"बुडवतो," शालिकराम म्हणाला, "पन वच्छलाची सून माहेरी गेली काहून, ते सांग ना आधी."

"अवो, बुडवा! निळी झाली!"

बुडवेपर्यंत ती मोराच्या गळ्याच्याही पुढं गेली होती. पार्बताबाई कपाळाला हात लावून बसली. शालिकरामानं पटाशी वर काढली, नखानं वाजवली, कानाशी धरली आणि मान हलवली. मग मुकाट्यानं ती परत निखाऱ्यात खुपसली.

"भाता चालव," तो म्हणाला. "अन् पयल्यापासून सांग."